मायच्या बोटाच्या रेघा मशीनले दिसत नाईत, त्या मिटल्या का खाली अजून हायेत?

वावरातला_पोरगा

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून रायलो. माही माय ६२ वर्षाची हाय, जल्मभर वावरातच काम केलं तिनं, निंदण, कापूस वेचणी, तुरीची सोंगणी, आन् घरी आल्यावर राखेनं नाईतर पावडरनं भांडे. गेल्या तीन महिन्यांपासून रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाई. मागं लाइन असते, ती हात पदराले पुसते, परत लावते, परत तेच. त्या दिवशी घरी आल्यावर ओट्यावर बसून हात उलटे-पालटे करून पाहत होती आन् मले म्हणे, बाबू, माह्या हातावरच्या रेघाच मिटल्या का रे, आता मी मीच हाओ हे कोन मानन. मले काई बोलताच नाई आलं.

मोबाइलचा टॉर्च लावून पायलं तं अंगठा आन् त्याच्या बाजूचे दोन बोटं खरंच गुळगुळीत दिसतात, मंधात बारीक भेगा. मले इतकंच समजून घ्याचं हाय का रेघा जातात काहून, आन् परत येतात का? कातडीच्या खाली त्याचं काई मूळ असते का? ज्याले माहीत हाय त्यानं सविस्तर सांगा, मले मायले समजावून सांगाचं हाय.

सेवाकेंद्र_चालक

भाऊ, माझं अमरावती जिल्ह्यात छोटं सेवा केंद्र आहे, दिवाळीनंतर वेचणी जोरात असली की असे हात रोज येतात माझ्याकडे. आधी कामाचं सांगतो, शास्त्र जाणणारे बाकीचं सांगतील. आधारमध्ये दहा बोटं आणि दोन्ही डोळे घेतलेले असतात त्यामुळे अंगठाच लागला पाहिजे असं काही नाही. वेचणीत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट घासतं पण करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट बहुतेक वेळा बरं असतं, आधी ते लावायला सांगा. पण लोक घाबरून बोट जोरात दाबतात आणि दाबलं की रेघा एकमेकीला चिकटतात, मशीनला काळा डाग दिसतो. बोट सपाट ठेवायचं, हलकं, आणि त्याआधी ओल्या रुमालानं पुसून घ्यायचं. काच पण पुसायला सांगा, आधीच्या माणसाची माती, तेल तिच्यावरच असतं.

तेवढ्यानं नाही झालं तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, कारण पहिल्यांदा घेतलेले ठसे दहा-बारा वर्षांपूर्वीचे असतात आणि हात तेव्हाचा राहिलेला नसतो. आणि मोबाइल नंबर जोडलेला ठेवा, ओटीपीवर पुष्कळ कामं होतात. आमच्या इकडच्या दुकानात आता डोळे स्कॅन करणारं मशीन आलंय, तुमच्या दुकानात आहे का विचारा. आणि काकूंना सांगा की कार्डात नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अंगठ्यावर पण धान्य मिळतं, कोणी उपाशी ठेवू शकत नाही.

झाडीपट्टीचा_मास्तर

मी गोंदिया जिल्ह्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आईला आधी एवढं सांगा की रेघा मिटलेल्या नाहीत, वरवरच्या घासल्या गेल्यात, मूळ खाली शाबूत आहे. आता नीट सांगतो, लांबेल जरा.

कातडीचे मुख्य दोन थर धरा, वरची बाह्यत्वचा आणि तिच्या खालची अंतस्त्वचा, तिच्याही खाली चरबी. बाह्यत्वचेत सगळ्यात खालच्या ओळीत नव्या पेशी जन्मतात आणि मागून येणाऱ्या पेशी त्यांना वर ढकलत राहतात. वर येता येता त्या चपट्या होतात, त्यांच्यात केराटिन भरतं, म्हणजे नखं आणि केस ज्याचे बनलेले असतात तेच, आणि पृष्ठभागावर येईपर्यंत त्या मेलेल्या असतात. म्हणजे आपण एकमेकांचा हात हातात घेतो तेव्हा वरून लागते ती सगळी मेलेली कातडी, जिवंत भाग तिच्या खाली. खालून निघून वरून झडून जायला एका पेशीला साधारण चार आठवडे लागतात, वय झालं की जास्त. आंघोळीत मळ म्हणून जे निघतं त्यात पुष्कळ भाग हाच असतो.

आता रेघेचा साचा कुठे असतो तर या झडणाऱ्या भागात नाही. दोन थर जिथे एकमेकांत रुतून बसलेत तिथली हद्द सपाट नसते, तिथे सरी-वरंबे पाडल्यासारखे उंचवटे असतात आणि वर येणारी प्रत्येक नवीन पेशी त्याच आकारात बसते. वरचा वरंबा पावसानं, पायानं झिजला तरी खालची आखणी तीच राहते असं समजा. म्हणून बोट घासलं, भाजलं, वरवर कापलं तरी काही आठवड्यांनी तीच नक्षी जशीच्या तशी परत येते. घाव जर खोल, खालच्या थरापर्यंत गेला तरच कायमचा व्रण राहतो, आणि मग तो व्रणच त्या माणसाच्या ठशाची खूण होतो.

ही आखणी आईच्या पोटातच होते. गर्भ अडीच-तीन महिन्यांचा असताना रेघा उमटायला लागतात आणि पाचवा महिना लागेपर्यंत पक्क्या होतात. नुसत्या आनुवंशिकतेवर ते ठरत नाही, बोटाची वाढ किती वेगानं झाली, पोटात त्याच्यावर दाब कसा पडला, या बारीकसारीक गोष्टींचाही हात असतो. त्यामुळे एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांचे चेहरे सारखे असले तरी ठसे वेगळे असतात. तुमच्या मायच्या बोटावर जे आहे ते ६२ वर्षांहून जास्त जुनं आहे, आणि तसं दुसऱ्या कोणाच्या हातावर सापडलेलं नाही.

आता रेघा का जातात ते सांगतो. वेचणीत बोंडाची सुकलेली टोकं दिवसभर बोटांना घासतात, खालून जितकं भरून निघतं त्यापेक्षा वरून जास्त झिजतं. त्यात राख आणि पावडर. दोन्ही अल्कधर्मी म्हणजे चुन्यासारख्या गुणाच्या, कातडीतला स्निग्धपणा काढून टाकतात. आणि वय. हे मोकळेपणानं सांगतो, वयानुसार उंचवट्यांची उंचीच कमी होते आणि कातडीचा ताणही जातो, म्हणून काम थांबवलं तरी पंचविशीतल्यासारखा ठसा येईलच असं नाही. पण आजच्यापेक्षा बराच सुधारेल.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अंगावर जवळजवळ सगळीकडे तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, तळहात आणि तळपायावर मात्र त्या अजिबात नाहीत. तिथे ओलावा येतो तो फक्त घामाचा, आणि घामाची छिद्रं बरोबर त्या रेघांच्या माथ्यावरच रांगेनं असतात. म्हणून टाचा फाटतात, पाठ फाटत नाही! कोरड्या बोटाच्या रेघा काचेला नीट टेकत नाहीत आणि मशीनला रेघ तुटक दिसते. तर रात्री भांडी झाल्यावर हात साध्या पाण्यानं धुवा, ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, कोरड्या हाताला नाही, ओलसर हाताला, कारण तेल ओलावा आणत नाही, असलेला धरून ठेवतं. दुकानात जाताना मात्र तेल पुसून जा.

आणि एक प्रयोग करा. शाईचा पॅड आणा, पांढऱ्या कागदावर आईच्या दहाही बोटांचे ठसे घ्या आणि उजेडात भिंगानं बघा. जिथे मशीन नाही म्हणतं तिथेही कडेला रेघा दिसतील.

कास्तकार_अकोला

मास्तर, लय चांगलं समजावलं. एक इचारतो. आमच्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, आंगाले घामाची धार पाह्यजे तं वावरात असलो का आंग कोरडं, नुसतं मिठाचं पांढरं अंगरख्यावर. आन् तेच श्रावणात पारा ३२ ले असला तरी घामानं चिपचिप. कातडी उन्हाळ्यात घाम कमी सोडते का? मशीनवाले बी म्हणतात उन्हाळ्यात अंगठे जास्त फेल होतात.

झाडीपट्टीचा_मास्तर

दादा, उन्हाळ्यात कातडी घाम जास्तच सोडते, तुम्हाला तो दिसत नाही एवढंच. कोरड्या हवेत बाहेर आला की लगेच उडतो आणि मागे मीठ राहतं, अंगरख्यावरचं पांढरं तेच. घाम गळण्यानं अंग थंड होत नाही, उडण्यानं होतं, एक लिटर घाम उडाला तर अंगातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या घरातला कूलर हेच करतो, ताट्यांवरून पाणी पडतं, गरम हवा त्यातून जाताना पाणी उडतं आणि हवा गार होते. म्हणून कूलर मे महिन्यात आपल्याकडे मस्त चालतो आणि श्रावणात त्याच्यासमोर बसलं तरी उकडतं, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं, उडायला जागा नसते. आपल्या अंगाचंही तेच.

अंगभर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि भर उन्हात मेहनत केली तर तासाला लिटरभर किंवा जास्तही पाणी जातं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक-दोन आठवडे जो माणूस रोज थोडा थोडा उन्हात राबतो त्याचा घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, शरीर मीठ वाचवायला शिकतं. पुण्याहून सुट्टीवर आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी वखरावर उभं करू नये ते यासाठी, त्याच्या कातडीला अजून सराव नाही.

तळहाताची गोष्ट मात्र निराळी. तिथे ग्रंथी सगळ्यात दाट आहेत पण तो घाम उन्हापेक्षा मनावर चालतो, भीती, घाई, परीक्षा. त्यामुळे अंग भिजलं तरी वावरातले हात कोरडे राहू शकतात, आणि लाइनमध्ये कोणी ओरडलं की ओले पण होतात.

रोवणीवाली

मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे उलटं होतं, रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीत पाण्यात हात, बोटं पांढरी पडून सुरकुततात, मनुक्यासारखी, आणि त्या दिवशी बँकेच्या माणसाच्या मशीननं बोट घेतलंच नाही, दुसऱ्या दिवशी घेतलं. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणतात ते खरं का? आणि फक्त बोटंच का सुरकुततात, हात का नाही? मला हे लहानपणापासून विचारायचं होतं पण शाळा सातवीतच सुटली.

झाडीपट्टीचा_मास्तर

ताई, प्रश्न फार मोलाचा आहे, कारण पुस्तकी माणसंही बराच काळ पाणी पिऊन फुगते असंच समजत होती. पण १९३० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्याच्या बोटाची नस, म्हणजे रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू, तुटलेली आहे त्याचं ते बोट पाण्यात कितीही वेळ ठेवलं तरी सुरकुतत नाही. नुसतं पाणी शोषल्यानं होत असतं तर त्यालाही व्हायला हवं होतं. म्हणजे हे काम नसा करतात. पाणी घामाच्या छिद्रांतून आत गेलं की नसा बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आतला गर थोडा आकसतो आणि वरची जाड कातडी घडी पडून खाली बसते. म्हणून जाड कातडीच्या, दाट ग्रंथींच्या जागीच होतं, तळहात-तळपायाला, दंडाला नाही.

कशासाठी होत असेल याचा एक प्रयोग २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात झाला, पाण्यातल्या गोट्या उचलायला दिल्या तर सुरकुतलेल्या बोटांनी लोकांनी त्या लवकर उचलल्या. घड्यांमधून पाणी निसटून जातं आणि पकड बसते, टायरच्या खाचांसारखं. तेव्हा चिखलातून रोप सुटू नये म्हणून तुमच्या बोटांनीच ती तयारी केलेली असते असं म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी हात कोरडे झाले की रेघा परत येतात, मशीनचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

सिस्टर_चंद्रपूर

मी बऱ्याच वर्षांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, वाचत होते नुसती, पण मास्तरांनी नसेचं सांगितलं म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. रोवणीत सगळ्या बायांची बोटं सुरकुतली आणि एकीचं एखादंच बोट सुरकुतलं नाही, किंवा अंगावर एक फिकट नाहीतर लालसर चट्टा आहे, खाजत नाही, दुखत नाही, पण बाकी अंग घामानं भिजलं तरी तेवढी जागा कोरडी, तर त्या बाईनं गजकर्ण समजून मलम लावत बसू नये, आमच्याकडे यावं. कुष्ठरोग असू शकतो. त्याचे जंतू अंगाच्या थोड्या थंड भागातल्या कातडीत आणि तिच्या नसांत राहतात, नस बिघडली की तिथला घाम जातो आणि स्पर्श जातो. आम्ही तपासताना फार काही लागत नाही, कापसाचं बारीक टोक करायचं, माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि चट्ट्यावर हलकं टेकवून विचारायचं, कुठं लागलं दाखवा. त्याला कळलंच नाही तर आम्हाला कळतं.

मला याबद्दल फार तळमळ वाटते कारण लोक अजून लपवतात. हे जंतूमुळे होतं हे नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरनं १८७३ मध्ये दाखवलं, तरी पाप-शापाचं बोलणं सुटलेलं नाही. आपल्या विदर्भात तर या कामाची केवढी मोठी माणसं झाली, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, आमच्या वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन. तेव्हा औषधच नव्हतं धड. आता सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर, आणि रोग बरा होतो. उशीर केला तर जंतू मरतात पण मेलेली नस परत येत नाही. मग बोटाला चटका बसला, काटा लागला तरी कळत नाही आणि जखमा होऊन बोटं झडतात. रोगानं बोट गळून पडत नाही, दुखत नाही म्हणून जातं. दुखणं ही कातडीची राखण आहे.

मूळ प्रश्नवाल्या भाऊंना, तुमच्या आईच्या बोटांना स्पर्श कळतो का ते कापसानं घरीच बघा, कळत असेल तर काळजी नाही, घट्टे आणि कोरडेपणाच असणार. आणि दुसरं. हाताला भेगा असताना फवारणीनंतर लगेच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, जाऊ देऊ नका. कातडी पाणी आत येऊ देत नाही पण तेलात विरघळणारी औषधं तिच्यातून आत जातात, घामेजलेली आणि फाटलेली कातडी असली की जास्त, आणि काखेतून, जांघेतून तळहातापेक्षा कितीतरी पटीनं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीनं माणसं गेली ती कोणी औषध पिऊन गेली नव्हती, श्वासातून आणि कातडीतून गेलं. कपडे भिजले की काढा, साबणानं आंघोळ करा, ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका.

सेवाकेंद्र_चालक

सिस्टर, माझ्याकडे मागच्या वर्षी एक जण आले होते, कॅन्सरच्या गोळ्या चालू होत्या, ठसे एकदम साफ, पोरगा म्हणे बाबांचा हातच मशीन ओळखत नाही. तसं होतं का?

सिस्टर_चंद्रपूर

होतं. कॅपेसिटाबीन नावाच्या गोळीनं काहींच्या तळहात-तळपायाची कातडी लाल होऊन सोलते आणि ठसे पुसट होतात. डॉक्टरांना सांगायचं, स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही. अशांचं डोळ्यांवर काम होतं ते बघा.

वावरातला_पोरगा

सगळ्याईचे लय आभार. पंधरा दिवस झाले म्हणून सांगाले आलो.

कापसाचं टोक लावून पायलं, मायले दहाही बोटाले समजते, ती हसत होती का हे काय चालवलं म्हणून. भांडे आता मी आन् बायको घासतो. रात्री ओल्या हाताले खोबरेल चालू हाय, भेगा भरत आल्या. शनवारी दुकानात करंगळी लावली, हात पुसून, न दाबता, पहिल्याच वारीले हिरवा लाइट आला. अंगठा अजून घेत नाई, पुढच्या आठवड्यात आधार केंद्रावर नेतो.

आन् मास्तर, तुमचा शाईचा प्रयोग केला. दहा ठसे कागदावर घेतले, अंगठ्याच्या मंधात पांढरं, पन कडेनं रेघा हायेत. मंग मले आठवलं का आबाच्या वक्ताचं वाटणीपत्र पेटीत हाय, १९९६ चं, त्याच्यावर मायचा अंगठा हाय कारन तिले सही येत नाई. ते काढलं. तवा ती तीस-बत्तीसची असन, ठसा काय ठळक आला, गोल भोवरा, आन् भोवऱ्याच्या डाव्या अंगाले एक रेघ फुटून तिच्या दोन होतात. नव्या कागदावर भोवरा पुसट हाय पन ती फुटलेली रेघ तिथंच हाय, त्याच जागी, तशीच. मायले भिंग देऊन दाखवलं. लय वेळ पाहत होती. मंग तिनं आपला अंगठा जुन्या ठशाच्या बाजूले ठेवला आन् म्हणे, हाओ, हा माहाच हाय.

एक इचाराचं रायलं. उजव्या अंगठ्यावर भोवरा हाय पन डाव्यावर नाई, तिथं रेघा एका बाजूनं येतात आन् वळून तिकडंच जातात. दोन्ही हात एकाच माणसाचे, मंग असं काहून?

झाडीपट्टीचा_मास्तर

भाऊ, वाचून फार बरं वाटलं. तो भोवरा म्हणजे आपली जुनी माणसं ज्याला चक्र म्हणतात तो, आणि वळून परत जाणारी नक्षी म्हणजे शंख. जगात सगळ्यात जास्त बोटांवर शंखच असतो, त्याच्या खालोखाल चक्र, आणि नुसत्या कमानीसारख्या रेघा फार थोड्यांच्या. पोटात असताना बोटाच्या टोकावर एक गादी असते, रेघा उमटतात तेव्हा ती उंच आणि गोल असली तर चक्र होतं, एका अंगाला कललेली असली तर शंख. प्रत्येक बोटाची गादी वेगळी, म्हणून दहा बोटांवर दहा तऱ्हा असू शकतात.

आणि तुम्ही दोन कागद शेजारी ठेवून फुटलेली रेघ शोधलीत ना, मशीन पण तेच करतं, रेघ कुठे संपते आणि कुठे फुटते त्या जागा मोजतं. ही विद्या आपल्याच देशात मोठी झाली. १८५८ मध्ये बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला जगातलं पहिलं ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी करायची जी पद्धत एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या नावानं जगभर गेली तिचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी बसवलं होतं. हर्शेलनं स्वतःचे ठसे तरुणपणी आणि म्हातारपणी घेऊन ताडून पाहिले होते, रेघा त्याच निघाल्या. तुम्ही आईचं जे केलंत ते हेच.

तो १९९६ चा कागद लॅमिनेट करू नका, ठसा उष्णतेनं खराब होईल, साध्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. आणि अपडेटला जाल तेव्हा आदल्या चार-पाच दिवसांत वेचणी बंद ठेवा.